गेलेल्या चिमण्या कुठे बसल्या?

मराठी घरांत एक न संपणारी गोष्ट सांगतात. राजाचं धान्याचं कोठार असतं आणि त्याला चिमणी जाईल एवढंच एक भोक असतं. एक चिमणी येते, एक दाणा उचलते आणि भुर्रकन उडून जाते. मग दुसरी येते, एक दाणा उचलते, भुर्र. ‘पुढे?’ विचारलं की पुढेही तेच. ही गोष्ट मुलांना झोपवायला सांगतात, पण तिच्या पोटात वजाबाकी आहे. एक ढीग आहे आणि त्यातून एकेक दाणा जातो आहे. ढीग एवढा मोठा, की ‘आता किती राहिले?’ हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. कोठाराऐवजी वाटी घेतली आणि तिच्यात पाचच दाणे ठेवले, की तीच गोष्ट पाच चिमण्यांत संपते. चार वर्षांचं मूल मग दर भुर्रनंतर वाटीत डोकावून बघायला लागतं.

शाळेतली वजाबाकी म्हणजे वर मोठी संख्या, खाली लहान संख्या, मध्ये आडवी रेघ, आणि पुढे ‘हातचा’. तीन ते सहा या वयात यातलं काहीच लागत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ३ ते ८ ही पाच वर्षं मिळून एकच पायाभूत टप्पा मानला आहे, म्हणजे वजाबाकीच्या चिन्हाची घाई करायला आता धोरणाचंही निमित्त उरलेलं नाही. या वयात मुलाला जमायला हवं ते वेगळंच आहे: काही वस्तू निघून गेल्या तरी आधी सगळ्या मिळून किती होत्या, ते मनात धरून ठेवणं. मोठ्यांना हे इतकं सवयीचं असतं, की त्यात शिकवण्यासारखं काही आहे हे ध्यानातच येत नाही. मुलासमोर पाच चिंचोके ठेवले, दोन उचलून डब्यात टाकले आणि डबा मागे सरकवला. आता त्याच्यासमोर तीन चिंचोके आहेत. ते मोजतं आणि ‘तीन’ म्हणतं. उत्तर बरोबर आलं, शाबासकी मिळाली, पण वजाबाकी झालीच नाही. तीन वस्तूंची मोजणी झाली. आधीचे पाच आणि गेलेले दोन त्याच्या मनातून केव्हाच निसटले आहेत. म्हणून वजाबाकीच्या पुढच्या सगळ्या खेळांत एक गोष्ट पक्की धरावी. जे गेलं त्यालाही बसायला जागा द्यावी, आणि ती जागा मुलाच्या नजरेसमोर असावी.

सुरुवातीला एक छोटी चाचपणी करून बघावी. आठ-दहा बिया पुढ्यात ठेवून मुलाला म्हणावं, ‘मला चार दे.’ ‘मोज’ म्हणायचं नाही, ‘दे’ म्हणायचं. वीसपर्यंत घडाघडा म्हणणारी पुष्कळ मुलं इथे मूठभर बिया उचलून देतात. आकड्यांची नावं त्यांना गाण्यासारखी पाठ असतात, पण मोजताना शेवटी आलेला आकडा सगळ्या वस्तूंचा असतो हे अजून उमगलेलं नसतं. अशा मुलाला इतक्यात वजाबाकी नको. त्याच्याबरोबर काही आठवडे नुसते वाटपाचे खेळ खेळावेत: चार बाहुल्या, चार वाट्या, प्रत्येक वाटीत एकच बी. दुसरी चाचपणी नजरेची. तीन वस्तू क्षणभर दाखवून हातानं झाकाव्यात. तीन-चारपर्यंतच्या वस्तू आपल्याला न मोजता एका नजरेत कळतात, आणि पहिली वजाबाकी त्याच आधारावर उभी करायची आहे. त्यामुळे सुरुवात तीनातून एक. साधारण चार वर्षांपर्यंत एकूण तीन, पाचव्या वर्षात पाच, सहाव्यात हळूहळू दहा. हा अंदाज झाला. समोरचं मूल तीनावर अडखळत असेल तर वय विसरून तीनावरच थांबावं.

सामानाला खर्च नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर वाढलं. माँटेसोरी पद्धतीची विकतची साधनं आदिवासी पाड्यांवर परवडणारी नव्हती. पानं, बिया, खडे, शंखशिंपले आणि माती यांतूनच तिथली साधनं उभी राहिली. वजाबाकीला हे सामान विकतच्या खेळण्यांपेक्षा उजवं पडतं. चिंचोका आज चिमणी होतो, उद्या मासा, परवा बसमधला प्रवासी. प्लॅस्टिकची मोटार मात्र मोटारच राहते, आणि मूल तिची चाकं फिरवत बसतं. वस्तू शक्यतो एकाच रंगाच्या घ्याव्यात. रंग वेगवेगळे असले की मूल ‘लाल गेली’ असं सांगतं. किती गेल्या याकडे त्याचं लक्षच राहत नाही.

इथे एक सावधगिरी. तीन वर्षांखालच्या, किंवा वस्तू तोंडात घालणाऱ्या कुठल्याही मुलाच्या हाती चिंचोके, हरभरे, मणी देऊ नयेत. साधारण सव्वातीन सेंटिमीटर रुंदीच्या नळीतून जे आत जातं ते लहान मुलाच्या घशात अडकू शकतं. हरभरा नाकात गेला तर ओलाव्यानं फुगतो आणि काढणं आणखी अवघड होतं. अशा मुलांसाठी मोठ्या लिंबाएवढे कापडाचे गोळे शिवावेत किंवा मुठीएवढे गुळगुळीत गोटे घ्यावेत.

आता खेळ. सतरंजीवर एका बाजूला झाड हवं. खडूनं काढलेलं चालेल, खरी फांदी आडवी ठेवली तर फारच छान. दुसऱ्या बाजूला, हातभर अंतरावर, परात. परात म्हणजे तळं. मधली जागा रिकामी. झाडावर तीन चिमण्या. गोष्ट सांगणारा म्हणतो, ‘झाडावर चिमण्या बसल्या होत्या. किती बरं?’ आणि थांबतो. मूल बोट लावून मोजतं. ‘त्यातल्या एकीला लागली तहान. ती भुर्र उडाली आणि तळ्याच्या काठी जाऊन बसली.’ चिमणी मुलानं स्वतःच्या हातानं उचलून न्यायची, सांगणाऱ्यानं नाही. हात झाडावरून तळ्यापर्यंत जातो तेवढ्या वेळात वजाबाकी शरीरातून जाते. मग तीन प्रश्न: झाडावर किती? तळ्यावर किती? आणि सगळ्या मिळून चिमण्या किती? तिसरा प्रश्न बहुतेक जण गाळतात, आणि सगळ्यांत महत्त्वाचा तोच आहे. पहिले काही दिवस मूल झाडापासून तळ्यापर्यंत सगळ्या चिमण्या पुन्हा मोजतं. मोजू द्यावं. एक दिवस ते न मोजताच ‘तीनच की!’ म्हणेल, थोडं वैतागूनच, एवढं सोपं काय विचारता असं. त्या दिवशी एकूण संख्या त्याच्या मनात टिकली असं समजावं आणि मगच चौथी चिमणी आणावी.

गोष्टीत संध्याकाळ होते आणि तळ्यावरची चिमणी घरी परतते. पुन्हा झाडावर तीन. शाळांमध्ये बेरीज आधी महिनोन्महिने आणि वजाबाकी नंतर, अशी रीत आहे. या वयात ती उपयोगाची नाही. जाणं आणि येणं मुलाच्या आयुष्यात एकाच दिवशी घडतं. बाबा सकाळी जातात, संध्याकाळी येतात. गाई चरायला जातात आणि तिन्हीसांजेला गोठ्यात मोजून घेतल्या जातात. गेलेली चिमणी परत आली की पुन्हा तीन झाल्या, हे ज्यानं शंभरदा पाहिलं त्याला पुढे ‘वजाबाकीचा ताळा बेरजेनं करा’ हे वाक्य परकं वाटत नाही.

चिमणी का गेली याचं कारण गोष्टीत असलंच पाहिजे, आणि ते जिवावर बेतणारं नसावं. मांजरानं दोन चिमण्या खाल्ल्या, असं सांगून बघा. निम्मी मुलं मांजरावर चिडतात, एखादं रडवेलं होतं, आणि ‘किती राहिल्या’ हवेत विरून जातं. शिवाय खाल्लेल्या चिमणीला बसायला जागा उरत नाही, ती परतही येऊ शकत नाही. तहान, भूक, झोप, आजीकडे जाणं, ही कारणं पुरतात. मूल विचारतं, ‘ती एकटीच का गेली?’ याचं उत्तर मनापासून द्यावं. गोष्टीतला प्रश्न म्हणजे अडथळा समजून ‘ते राहू दे, किती राहिल्या सांग’ म्हटलं की मुलाला कळतं, गोष्ट खोटी होती, ही परीक्षा चालली होती.

मराठीत प्रश्न विचारताना एक गंमत होते. ‘किती राहिल्या?’ म्हटलं की एकापेक्षा जास्त आहेत हे सांगून झालेलं असतं, आणि ‘किती राहिली?’ म्हटलं तर उत्तरच दिलं. मुलं हे झटकन पकडतात, अंकाकडे न बघता क्रियापदाच्या शेवटाकडे बघतात. ‘आता झाडावर किती?’ असं क्रियापदाशिवाय विचारलं तर चाहूल लागत नाही. चिमणीचं चिमण्या होतं, माशाचे मासे होतात, पण बेडूक एक असला तरी बेडूक आणि पाच असले तरी बेडूकच. झाकलेल्या वस्तूंचे खेळ सुरू झाले की म्हणून बेडकांची गोष्ट घ्यावी.

मुलांच्या चुका ठरावीक असतात आणि प्रत्येकीला कारण असतं. पाच चिमण्यांतून दोन गेल्यावर ‘पाच’ म्हणणारं मूल बहुधा गेलेल्याही मोजत असतं. झाड आणि तळं फार जवळ आहेत. अंतर वाढवावं, किंवा झाडाभोवती दोरीचं रिंगण घालावं. ‘दोन’ म्हणणारं मूल कानावर शेवटी पडलेला आकडा परत करत असतं, किंवा ‘किती’ म्हणजे किती गेल्या असं समजत असतं. तिथे झाडावर तळहात ठेवून ‘इथे किती?’ विचारलं की चूक बरेचदा तिथल्या तिथे सुटते. ‘सहा’ म्हणणारं मूल म्हणजे आकड्यांचं गाणं पुढे नेणारं मूल. त्याला पुढे जाणंच माहीत आहे, मागे येणं नाही. आणि एखादं मूल दर वेळी बरोबर सांगतं, पण तुम्ही कायम एकच चिमणी उडवत होता म्हणून. त्याला एक मागचा आकडा सांगायची युक्ती सापडलेली असते. उडणाऱ्यांची संख्या बदलत राहावी, मधूनच एकही उडू देऊ नये. ‘कुणालाच तहान लागली नाही. आता झाडावर किती?’ ‘मग सगळ्या गेल्या!’ हेही हवंच. रिकाम्या झाडाला आधी ‘एकही नाही’ म्हणू द्यावं; शून्य हा शब्द त्यानंतर आला तर त्याला अर्थ येतो. कधी मुद्दाम म्हणावं, ‘तीन चिमण्यांतल्या पाच उडाल्या.’ जे मूल हसून ‘असं कसं?’ म्हणतं, त्याला वजाबाकी कळायला लागली आहे. ही खूण कुठल्याही अचूक उत्तरापेक्षा जास्त भरवशाची.

हे सगळं उघड्यावर सहज जमलं की मग झाकायचं. टोपलीखाली चार बेडूक जाताना मुलानं बघायचे. टोपली थोडी उचलून एक बेडूक बाहेर काढायचा आणि तो बाहेर कमळाच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा. ‘टोपलीखाली किती?’ मुलानं सांगायचं आणि स्वतःच टोपली उचलून बघायचं. ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ हे शब्द मोठ्यांनी तोंडातून काढायचेच नाहीत, टोपली सांगेल. अंदाज चुकला की मूल पुन्हा झाकतं आणि पुन्हा खेळायला मागतं. मोठ्या माणसानं चूक म्हटलं असतं तर ते गप्प झालं असतं.

या खेळाला अभ्यासाचीही बैठक आहे. १९८० च्या दशकात एडिंबरामध्ये मार्टिन ह्यूज यांनी शाळेआधीच्या मुलांबरोबर पेटी आणि ठोकळ्यांचा असाच खेळ खेळून पाहिला. नुसत्या आकड्यांत विचारलं तर गोंधळणारी मुलं, पेटीत ठोकळे आहेत आणि त्यातला एक काढला असं सांगितलं की लहान संख्यांची उत्तरं नीट देत होती, काही तर पेटी समोर नसतानाही. वस्तू आणि नुसता आकडा यांच्यामधली पायरी म्हणजे कल्पनेतली वस्तू. ती पायरी गोष्ट पुरवते. ‘चारातून एक गेला किती?’ याला चार वर्षांच्या मुलापाशी उत्तर नसतं, आणि ‘चार बेडूक होते, एकानं पाण्यात उडी मारली’ याला असतं.

शब्द बदलला की गणित किती बदलतं, याचं याहून ठळक उदाहरण १९८३ मध्ये टॉम हडसन यांनी दाखवलं. चित्रात काही पक्षी आणि त्यांच्याहून थोड्या कमी आळ्या. ‘आळ्यांपेक्षा पक्षी कितीनं जास्त?’ या प्रश्नाला बरीच मुलं चुकली. ‘प्रत्येक पक्षी आळी घ्यायला धावला, तर किती पक्ष्यांना आळी मिळणार नाही?’ असं विचारल्यावर त्यांतल्याच बहुतेकांनी बरोबर सांगितलं. मराठीत तर ‘कितीनं जास्त’ मधला ‘नं’ मुलांना ऐकूच येत नाही. पाच पक्षी, तीन आळ्या असल्या तर ती ‘पाच’ सांगून मोकळी होतात. त्यामुळे फरकाची वजाबाकी उपाशी राहणाऱ्यांच्या गोष्टीतून आणावी: पाच बाहुल्या, तीन वाट्या, किती जणी वाटीविना? मुलं तेवढ्या वाट्या शोधून आणतात, हा त्या खेळाचा आणखी एक फायदा.

बोटांची वजाबाकी आपल्याकडे फार लवकर सुरू होते आणि चुकीच्या टोकानं सुरू होते. पाच बोटं वर केली, आता एक मिटायचं, तर मूल करंगळी मिटायला जातं. करंगळीबरोबर मरंगळीही ओढली जाते, कारण त्या दोन बोटांच्या हालचाली पुरत्या सुट्या नाहीत. पाचाचे चार व्हायचे ते तीन होतात, आणि मूल आपल्याच हातावर विश्वास ठेवेनासं होतं. अंगठ्यापासून मिटायला शिकवावं: अंगठा, मग त्याच्या शेजारचं चाफेकळी. तरीही अवघड जात असेल तर बोटांवर कागदाच्या टोप्या घालाव्यात आणि टोपी काढून घ्यावी. बोटांचा मोठा गुण असा की मिटलेलं बोट हातावरच असतं. गेलेलं आणि राहिलेलं दोन्ही एका मुठीत, आणि एकूण पाच हे कुणी सांगावं लागत नाही.

अभ्यासपुस्तिकांतल्या वजाबाकीच्या चित्रांत पाच फुगे असतात आणि दोनांवर फुली. मोठ्यांना फुली म्हणजे ‘गेलं’. मुलाला फुली मारलेला फुगा तिथेच दिसतो, म्हणून ते पाच मोजतं. चूक चित्राची आहे, ओरडा मुलाला बसतो. फुलीकडे जाण्याआधी एक पूल लागतो, आणि तो दिवाळीतल्या पणत्यांचा बांधता येतो. जाड कागदाच्या पाच पणत्या, प्रत्येकीची ज्योत मागे दुमडता येईल अशी. वारा आला, दोन विझल्या. पणत्या पाचच्या पाच जागेवर आहेत, पण उजळलेल्या किती? इथे वस्तू जात नाही, तिचं काहीतरी बदलतं. हा खेळ आठवडाभर खेळलेल्या मुलाला फुली म्हणजे विझलेली पणती, एवढंच सांगावं लागतं. खरी ज्योत अर्थातच नको.

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी लगोरीइतकं चांगलं साधन शोधून सापडणार नाही. सात चपट्या दगडांची उतरंड, चेंडू लागला की काही पडतात, काही उभे राहतात. धावाधाव सुरू होण्याआधी पाच सेकंद ‘पुतळा’ म्हणायचं आणि विचारायचं, ‘किती पडले? किती उभे?’ पडलेले दगड आसपासच विखुरलेले असतात, आणि सात हा आकडा सगळ्यांना आधीच ठाऊक असतो. थोड्याच दिवसांत मुलं पडलेले न मोजता उभे बघून सांगू लागतात: चार उभे, म्हणजे तीन पडले.

मागे मोजणं पायऱ्यांवर शिकवावं. जमीन शून्य, तिच्यावरची पहिली पायरी एक. पाचव्या पायरीवरून दोन उतरायचं असेल तर मूल उभ्या पायरीवरच ‘पाच’ म्हणतं, एक पायरी उतरून ‘चार’ म्हणतं आणि थांबतं. दोन आकडे म्हटले, म्हणजे दोन पायऱ्या झाल्या असं त्याला वाटतं. पाय आधी हलवायचा, आकडा नंतर बोलायचा, एवढा एक नेम ही चूक घालवतो. कागदावरच्या संख्यारेषेवर हीच चूक पुढे दुसरी-तिसरीपर्यंत राहते, कारण तिथे पाय नसतो.

अंगणवाडीत एका ताईसमोर तीन ते सहा वयाची वीस-पंचवीस मुलं असतात. सगळ्यांना चिमण्या द्यायला गेलं तर गोष्ट वाटपातच संपते. तिथे मुलांनाच चिमण्या करावं. मधल्या रिंगणात पाच मुलं, बाकीची भोवती, आणि तळं दाराजवळ. तळ्यावर जाणाऱ्यांनी तिथेच उकिडवं बसायचं, पाणी प्यायचं, पंख फडफडवायचे. लहानगे उडतात, मोठे मोजतात. अशी गोष्ट दहा मिनिटांपलीकडे ताणू नये.

वीसपर्यंत पोचलेल्या मुलांना भाषेतलीच वजाबाकी दाखवता येते. वीस मण्यांची माळ धरायची आणि टोकाचा एक मणी मुठीत झाकायचा: विसाला एक उणा, एकोणीस. एकोणतीस, एकोणचाळीस, पार एकोणनव्वदपर्यंत हे ‘एक उणा’ चालत येतं. पावणेदोन वाजले म्हणताना आपण दोनातून पाव काढतच असतो. मुलांनी हे पाठ करायचं नाही. मुठीतला मणी माळेचाच आहे, तेवढं त्यांना दिसलं की पुरे.

खेळ संपल्यावर सामान आवरायचं काम मुलांकडेच द्यावं, आणि त्यासाठी डबा आधीच तयार ठेवावा. झाकणाच्या आतल्या बाजूला दहा गोल काढायचे, पाच-पाचच्या दोन ओळींत. प्रत्येक गोलावर एक चिंचोका ठेवून मगच ते डब्यात ओतायचे. ज्या दिवशी नऊच भरतात, त्या दिवशी झाकणावर एक गोल रिकामा राहतो. कुणी काही विचारलेलं नसतं. मूल रिकाम्या गोलाकडे बघतं, ‘एक कुठेतरी आहे’ म्हणतं, आणि सतरंजीचं टोक उचलून खाली शिरतं.